परसदारी दहा बाय दहा

महाराष्ट्राच्या पायाखाली काळा पाषाण आहे, पण महाराष्ट्राच्या घरांत पायाखाली असते ती कर्नाटकातली, नाहीतर आंध्र-तेलंगणातली फरशी. सह्याद्रीपासून विदर्भापर्यंतचा हा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला आणि आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. एवढा दगड दाराशी असताना फरशी बाहेरून का आणायची? कारण लाव्हा थिजताना आकसतो आणि उभा तडकतो. त्याचे खांब होतात, पापुद्रे होत नाहीत. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, सुमारे ६० मीटर उंचीची. तिच्याकडे खालून पाहिलं की हे खांब एकाला एक चिकटून उभे दिसतात. या दगडाचं जातं होतं, पाटा-वरवंटा होतो, देवळाची भिंत होते. त्यातून इंचभर जाडीची सपाट फरशी काढायला मात्र भारी कष्ट पडतात.

शहाबादचा दगड याच्या नेमका उलट. कलबुर्गी जिल्ह्यातल्या या गावाच्या परिसरात फार प्राचीन काळी समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर बसत गेला आणि त्याचा चुनखडक झाला. दोन थरांच्या मधल्या रेषेत पहार घातली की अख्खा पत्रा सुटून येतो. तांदूरची फरशी याच खोऱ्यातली. कडप्पाची काळी आणि कोट्याची हिरवट-निळसर फरशी वेगळ्या खोऱ्यांतल्या, पण जात तीच, चुनखडकाची. शहाबादचा गाळ बसत होता तेव्हा जमिनीवर ना गवत होतं ना झाड. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर शहाबादचं स्टेशन आहे, त्यामुळे फरशीला मुंबई-पुण्याची वाट सोपी झाली. त्याच चुनखडकाचं सिमेंटही होतं, म्हणून शेजारच्या वाडी गावात सिमेंटचे कारखाने उभे आहेत.

फरशीचा हा पसारा मांडला तो एका साध्या कामासाठी. घरामागे मोकळी जागा असेल तर दहा फूट बाय दहा फुटांचा फरसबंद चौक घरच्या माणसांना आपल्या हातांनी करता येतो. सिमेंटचं एक पोतंही लागत नाही. हल्ली त्याला पॅटिओ म्हणतात. दोन-तीन सुट्ट्या, दोन धडधाकट माणसं आणि थोडी चिकाटी एवढं पुरतं. मला विचाराल तर या कामातली सगळी मजा फरशीच्या वर नसून फरशीच्या खाली आहे.

वरचं हलकं, खालचं जड

दोन फूट बाय दोन फूट, इंचभर जाडीची एक शहाबादी फरशी साधारण २५ किलो भरते, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतकी. दहा बाय दहाला अशा २५ फरश्या लागतात. सगळ्या मिळून सव्वासहाशे किलो. आता खालचा हिशेब बघा. चार इंच मुरूम-खडीचा थर चांगला ठोकून बसवला की त्याचंच वजन दीड टनाच्या पुढे जातं. त्यावर इंचभर वाळू, ती पावणेचारशे किलो. म्हणजे जे दिसतं त्याच्या तिप्पट वजन न दिसणाऱ्याचं! वीस किलोचं घमेलं धरलं तर शंभरएक घमेली वाहायची तयारी ठेवा. शिवाय आधी सहा इंच खोदून निघालेली माती कुठे टाकायची हे खणायच्या आधी ठरवा. खणलेली माती मोकळी झाली की फुगते आणि जमिनीतल्यापेक्षा जास्त जागा खाते.

माल मागताना दुकानदार विचारेल, 'किती ब्रास?' एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा बाय दहावर चार इंचांचा थर म्हणजे ३३ घनफूट, तिसरा हिस्सा ब्रास. ठोकल्यावर थर बसतो, म्हणून चौथाई माल जास्त मागवायचा.

पावसात फुगणारी, उन्हात फाटणारी

देशावर आणि विदर्भात घराखाली काळी माती असेल तर आधी तिच्याशी मिटवून घ्यावं लागतं. ती याच काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगांत हात जावा. कापसाला ती मानवते, कारण ओल धरून ठेवते. फरशीला ती मुळीच मानवत नाही. जूनमध्ये एक कोपरा वर येतो, एप्रिलमध्ये दुसरा खाली जातो आणि चौकातली फरशी डुगडुगायला लागते. अशा जागी सहा इंचांवर भागत नाही. एक-दीड फूट काळी माती काढून तिच्या जागी मुरूम भरा. मुरूम फुगत नाही आणि पाणी खाली जाऊ देतो. माती आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापडाचा एक थर टाकला तर चिखल वर चढून मुरमात मिसळत नाही. हे कापड रस्त्यांच्या कामात सर्रास वापरतात आणि परसातल्या कामासाठीही दुकानात मिळतं.

कोकणात हा प्रश्नच वेगळा. तिथे खाली जांभा. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे कापता येतात, आणि वाऱ्या-उन्हात पडला की घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकानन हा स्कॉटिश वैद्य १८००च्या सुमारास दक्षिणेत हिंडत होता. त्याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत जांभा तिथून शिरला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र लोक त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे चिरे घडवत आलेत.

ओली वाळू लबाड असते

वाळू ओलसर असली की फुगते. कणांभोवती पाण्याची पातळ साय बसते आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. वाळू बारीक असेल तर हा फुगवटा चौथ्या हिश्शाच्याही पुढे जातो. म्हणजे पावसाळी दिवसांत ब्रासच्या मापाने घेतलेल्या वाळूत चांगला पाचवा हिस्सा नुसती हवा असू शकते. यातली गंमत अशी की तीच वाळू पाण्यात पूर्ण बुडवली की फुगवटा नाहीसा होतो.

घरी करून बघा. काचेचा ग्लास ओलसर वाळूने न दाबता भरा आणि बाहेरून वाळूच्या उंचीवर रेघ मारा. मग वाळू दुसऱ्या भांड्यात काढून ग्लासात अर्धं पाणी घ्या आणि तीच वाळू हळूहळू परत आत सोडून ढवळा. सगळी वाळू आत गेली तरी ती रेघेपर्यंत पोचत नाही. जितकी खाली राहिली तितका फुगवटा. बांधकामाच्या साइटवरचे इंजिनिअर हीच चाचणी करतात. लागते फक्त मूठभर वाळू आणि एक ग्लास.

नदीची वाळू आता महाग आणि दुर्मीळ झाली आहे, आणि नद्यांचं व्हायचं ते नुकसानही होऊन गेलं आहे. फरशीखाली तिची गरजही नाही. क्रशरची धुतलेली दगडी वाळू अधिक चांगली बसते, कारण तिचे कण कोनेदार असतात आणि एकमेकांत अडकतात. नदीतले गोल कण घसरतात.

कोकणातल्या खळ्याचं शास्त्र

आपल्या हातांनी अंगण करण्याची रीत कोकणाला कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात खळं उखडतं, शेवाळ धरतं. भात घरात आलं की माती खणायची, सारखी करायची, पाणी शिंपडायचं आणि लाकडी चोपण्याने सगळ्या घराने मिळून चोपायची. मग शेणाचं सारवण. दरवर्षी नवं अंगण!

यातली कळीची गोष्ट म्हणजे ते शिंपडलेलं पाणी. कोरडी माती कितीही बडवा, ती बसत नाही. फार ओली असेल तर चोपणं उसळतं आणि चिखल होतो. मधल्या एका ठरावीक ओलीलाच ती सर्वांत घट्ट बसते. अमेरिकेत लॉस एंजेलिसला धरणांवर काम करणाऱ्या प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरने १९३३ साली हेच प्रयोगाने मांडलं, आणि आज जगभर महामार्ग, धावपट्ट्या, मातीची धरणं त्याच्या नावाच्या चाचणीवर बसवली जातात. चोपणं हातात धरलेल्या आज्यांना ती ओल हाताला कळत होती.

तुमच्या मुरमाचीही परीक्षा तशीच. मूठभर घ्या, दाबा. लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर दोन-तीन तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी शिंपडा, बोटांना चिखल लागला तर एक दिवस थांबा. दर दोन इंचांच्या थराला धुम्मस चालवा. चार इंच एकदम टाकून वरून बडवलं तर वरचे दोन घट्ट होतात आणि खालचे दोन पोकळ राहतात. पहिल्याच पावसाळ्यात ते हिशेब मागतात. धुम्मस चालवताना आवाज ऐका. सुरुवातीला भसभस येतो. थर बसला की आवाज टणक होतो आणि धुम्मस हाताला झिणझिण्या आणत परत उसळते. तिथे थांबायचं.

मिलिमीटरचा शंभरावा भागही चुकत नाही

चौक काटकोनात आला नाही तर शेवटच्या ओळीत फरशी कापावी लागते, तीही तिरकी. गवंडी काटकोनाला गुण्या लावतो, पण दहा फुटांच्या रेषेला हातभराचा गुण्या पुरत नाही. तिथे दोरी लागते. एका कोपऱ्यातून एका दोरीवर सहा फूट मोजा, दुसरीवर आठ फूट, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर दहा फूट येईपर्यंत दोरी सरकवा. तीन-चार-पाचचीच ही दुप्पट. त्रिकोण मोठा असला की चूक लहान राहते.

या आकड्यांची आपल्याकडची जुनी नोंद बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. विटांच्या यज्ञवेदी दोरीने कशा आखायच्या याचा तो ग्रंथ, अडीच हजार वर्षांहून जुना. तीन-चार, पाच-बारा, आठ-पंधरा, सात-चोवीस अशा जोड्या त्यात दिलेल्या आहेत. त्याहून भारी गोष्ट म्हणजे चौरसाचा कर्ण काढायची रीत: बाजूत तिचा तिसरा हिस्सा मिळवा, त्या तिसऱ्या हिश्शाचा चौथा हिस्सा मिळवा आणि या शेवटच्याचा चौतिसावा हिस्सा वजा करा. दशांशात मांडलं तर बाजूची १.४१४२१५७ पट. आजचं गणित १.४१४२१३६ सांगतं. तुमच्या दहा फुटी चौकाला हा फरक लावून पाहिला तर कर्णाची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकीही चुकत नाही. आपल्याला एवढं नेमकं नको. १४ फूट आणि पावणेदोन इंचांना जरा कमी, दोन्ही कर्ण सारखे आले की खुंट्या ठोका.

टँकरभर पाऊस

दहा बाय दहावर एक इंच पाऊस पडला तर किती पाणी होतं? २३६ लिटर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्या दिवशी एवढ्याच आकाराच्या चौकावर पावणेनऊ हजार लिटर पाणी पडलं, जवळजवळ एक टँकर. हे पाणी कुठे जाणार याचं उत्तर फरशी बसवण्याआधीच द्यायचं असतं.

उतार घराकडून बाहेर ठेवायचा. दहा फुटांवर दोन इंच. डोळ्याला तो जाणवत नाही, खुर्ची डुगडुगत नाही आणि पाणी मात्र थांबत नाही. चौकाची पातळी घराच्या जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली असू द्या, नाहीतर भिंत ओल ओढते.

हे दोन इंच मोजायला लेसरचं यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या आणि तिच्यात पाणी भरा. एक टोक घराकडच्या खुंटीला, दुसरं समोरच्या खुंटीला धरा. नळी मधे कशीही लोंबली, झाडाला वळसा घालून गेली, तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहतं. त्या पातळीच्या खुणा करा, समोरच्या खुंटीवर दोन इंच खाली दुसरी खूण करा आणि त्या खुणेला दोरी बांधा. एकच पथ्य: नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. एक बुडबुडा अडकला की माप खोटं पडतं आणि हे फरशी बसल्यावरच कळतं. पाणी भरल्यावर नळीवर टिचक्या मारत बुडबुडे टोकापर्यंत आणून सोडायचे.

काही पाणी सांध्यांतून खाली मुरतं. दोन फुटी फरश्यांत अर्ध्या इंचाचे सांधे ठेवले तर चौकाचा ४ टक्के भाग सांध्यांचा असतो. एक फुटी फरश्या घेतल्या तर तो जवळजवळ दुप्पट होतो. लहान फरशी उचलायला सोपी, कापायला सोपी आणि जमिनीत पाणी जास्त मुरवणारी. शहरात अख्खं परस काँक्रीट ओतून बंद करायची चाल पडली आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो. काँक्रीटच्या त्या चौरसाखाली विहीर-बोअरला एक थेंब मिळत नाही आणि सगळा पाऊस शेजाऱ्याच्या दारात जातो.

टकटक

फरशी घेताना गवंडी ती उभी धरून बोटाच्या पेराने वाजवतो. ठणठणीत आवाज आला तर अखंड, बद्द आला तर आत चीर. वीटही अशीच वाजवून घेतात. पक्क्या विटेच्या आणखी दोन परीक्षा आहेत: नखाने ओरखडा उठू नये आणि कंबरेइतक्या उंचीवरून मातीच्या जमिनीवर पडली तरी फुटू नये.

वाळूचा थर सपाट करायची युक्ती सगळ्यांत सुंदर आहे. इंचभर जाडीचे दोन पाइप मुरमावर समांतर ठेवा, मधे वाळू पसरा आणि पाइपांवर आडवी पट्टी टेकवून ती आपल्याकडे ओढत या. मागे वाळूचा एकसारखा इंचाचा गालिचा राहतो. मग पाइप अलगद काढून त्या खाचा वाळूने भरायच्या. यानंतर त्या वाळूवर पाय द्यायचा नाही. पहिली ओळ बसली की तिच्यावर उभं राहून पुढची बसवायची. फरशी सरकवत न्यायची नाही, वरून सरळ खाली सोडायची आणि रबरी हातोड्याने मधोमध ठोकायची. एखादा कोपरा उठून राहिला तर ठोकून खाली दाबू नका. फरशी काढा, खालची चिमूटभर वाळू सारखी करा, परत ठेवा.

वाळू इंच-दीड इंचांहून जाड करायचा मोह टाळा. खालच्या थरातली चूक वाळूने झाकता येते असं वाटतं, पण जाड वाळू पायाखाली सरकत राहते.

डार्विनची हरवलेली पायवाट

चार्ल्स डार्विनने इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या आपल्या घरी हिरवळीतून एक फरसबंद पायवाट १८४३ साली करून घेतली होती. सांध्यांतून गवत आलं, गांडुळांनी मातीचे ढीग वर आणून टाकले. काही वर्षं माळ्याने झाडलं, खुरपलं. मग त्याने नाद सोडला. हळूहळू पायवाट दिसेनाशी झाली. १८७७ साली वरचं गवत खरवडून पाहिलं तर सगळ्या फरश्या आपापल्या जागी होत्या, वर इंचभर मऊ माती. गांडुळं खालची माती खाऊन वर टाकतात आणि दगड खाली बसत जातो. त्याच वर्षी डार्विन स्टोनहेंजला जाऊन तिथले आडवे पडलेले दगड किती रुतलेत तेही पाहून आला. हे सगळं त्याने गांडुळांवरच्या पुस्तकात लिहिलं. ते १८८१ साली निघालं, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी.

म्हणून खाली खडी-मुरूम हवा. गांडुळाला खायला तिथे काही नसतं. हरळीला मात्र एवढ्याने आवर बसत नाही. ती कडेने येते, म्हणून चौकाच्या चारी बाजूंना विटा उभ्या पुरून कड बांधायची. कडेमुळे वाळूही बाहेर पळत नाही. खरं सांगायचं तर कोरड्या फरसबंदीला जे धरून ठेवतं ते सिमेंट नसून ही कड आणि सांध्यांत घट्ट बसलेली वाळू.

पंचकोनांची गृहिणी

एकाच आकाराच्या, सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेल्या फरश्यांनी जमीन फटी न राहता भरायची तर तीनच आकार चालतात: त्रिकोण, चौकोन, षट्कोन. बाजू आणि कोन सारखे असलेला पंचकोन घेतला की फट राहतेच. पण वेड्यावाकड्या पंचकोनांपैकी काही जुळतात. ते किती, हा प्रश्न गणितज्ञांना अनेक दशकं छळत होता. १९७५ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या मार्जोरी राइस या गृहिणीने त्याबद्दल मासिकातल्या सदरात वाचलं. गणिताचं त्यांचं शिक्षण शाळेपुरतं. स्वयंपाकघरात आकृत्या काढत काढत त्यांनी पंचकोनांचे चार नवे प्रकार शोधून काढले. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या गणित संघटनेच्या इमारतीत प्रवेशदालनाची जमीन त्यांच्याच एका पंचकोनाने मढवली गेली.

२०२३ साली याहून अवघड कोडं सुटलं. एकच आकार, जो सगळी जमीन भरतो पण नक्षी एका ठेक्यात कधीच परत परत येत नाही. तो सापडला इंग्लंडमधल्या डेव्हिड स्मिथ या निवृत्त छपाई तंत्रज्ञाला, कागद कापून आकार जुळवताना. फरशीच्या कोड्यांत हौशी माणसांचा हात असा पुन्हा पुन्हा वर येतो.

आपल्यासाठी सोपी वाट म्हणजे तुकड्यांची फरसबंदी. फरशीच्या वखारीत तुटके तुकडे स्वस्तात मिळतात. मोठे तुकडे कडेला, लहान मधे, आणि चार सांधे एका बिंदूत येऊ द्यायचे नाहीत. विटांचा चौक करणार असाल तर लांबी रुंदीच्या दुप्पट आहे ना ते बघून घ्या, तरच हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी नक्षी) जुळते. मोहेंजोदडोच्या विटांचं प्रमाणही ४:२:१ असंच होतं. आणि हेरिंगबोन दिसायला नाजूक असली तरी सर्वांत न हलणारी आहे. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा प्रचंड घुमट बांधताना ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकात विटा याच जुळणीत रचल्या होत्या.

फरशीत सापडलेलं पाखरू

जर्मनीत बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडकही शहाबादसारखाच पापुद्र्यांचा. जमिनीला आणि छपराला तो शतकानुशतकं वापरात. तिथेच १८६१ साली एका पापुद्र्यात पिसांसकट आर्किऑप्टेरिक्सचा सांगाडा सापडला, सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांना जोडणारा. याच गुळगुळीत दगडावर शिळाछापाची कला जन्माला आली. एकोणिसाव्या शतकात ती महाराष्ट्रात पोचली आणि आपल्या पोथ्या हस्ताक्षरासारख्या वळणदार अक्षरांत छापल्या जाऊ लागल्या.

एका लिटरचा गारवा

चुनखडकाचा एक शत्रू आहे: आंबट. शहाबादीवर लिंबाचा रस सांडून राहिला तर तिथली लकाकी जाते. बाथरूम धुण्याचं ॲसिड ओतलं तर फरशी चक्क फसफसते, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. काळ्या पाषाणावर असं काही होत नाही. साबणाचं पाणी आणि खराटा, बस्स.

रंगही बघून घ्या. नागपूर-अकोल्याच्या उन्हात काळा कडप्पा दुपारी पाय टेकू देत नाही. उघड्यावर फिकट शहाबादी बरी, आणि तीही पॉलिश न केलेली. पॉलिश केलेला दगड पावसात घसरतो. खडबडीत फरशीवर रांगोळीही चांगली धरते, शिरगोळ्याची पूड तिच्या बारीक खळग्यांत बसते.

संध्याकाळी चौकावर पाणी शिंपडलं की गारवा येतो तो नुसता भास नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. स्पेनमधलं कॉर्दोबा याच हिशेबावर जगतं. तिथे उन्हाळा कडक, म्हणून घरं आतल्या चौकाभोवती बांधलेली, भिंती चुन्याने पांढऱ्या, त्यांवर वरपर्यंत फुलांच्या कुंड्या. उंचावरच्या कुंड्यांना लोक लांब काठीच्या टोकाला डबा बांधून पाणी घालतात. मे महिन्यात घरमालक चौकांची दारं उघडतात आणि गाव पाहायला लोटतं. या उत्सवाला युनेस्कोने २०१२ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. पुण्याच्या वाड्यांचे चौक आणि गोव्याच्या घरांतलं राजांगण यांचं बांधकामाचं शहाणपण तेच आहे: मधे आकाश, खाली दगड, भोवती सावली.

पहार हाताशी ठेवा

शेवटचं काम सांधे भरण्याचं. वाळू अगदी कोरडी हवी, ओली सांध्यात उतरत नाही. चौकावर ओता, झाडूने तिरक्या दिशेने लोटा, रबरी हातोड्याने फरश्यांवर ठोका, परत लोटा. आठवड्याने सांधे खाली बसलेले दिसतील, पुन्हा भरा. पहिल्या पावसानंतर आणखी एकदा. मुंग्या वाळू वर काढतात तिथे तेवढीच परत घालायची.

कोरड्या फरसबंदीचा मोठा फायदा वर्षा-दोन वर्षांनी कळतो. खालून नळ टाकायचा आहे, कुठे फरशी खचली आहे, झाडाचं मूळ वर आलं आहे, तर पहारेने ती एक फरशी उचलायची, काम करायचं, वाळू सारखी करून परत बसवायची. सिमेंटात बसवलेली असती तर फोडावीच लागली असती.

आणि नवी फरशी घ्यायलाच हवी असंही नाही. जुने वाडे, चाळी पाडल्या जातात तेव्हा शहाबादीचे ढीग जुन्या सामानाच्या वखारीत येतात. पन्नास-साठ वर्षं पायांखाली घासून वरची बाजू गुळगुळीत झालेली असते. घेताना एकेक वाजवून बघा, कड तुटकी निघाली तर तुकड्यांच्या ढिगात टाका. चौकात बसवताना तिची पाठ वर करा, खाणीतून निघालेला खडबडीतपणा तिथे अजून तसाच असतो आणि पावसात पाय घसरत नाही.